भूक, स्थूलता आणि संप्रेरके

भूक म्हणजे रिकाम्या पोटाची हाक, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचे नियमन मेंदूतील अधश्चेतक हे केंद्र करीत असते. जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जेवणाच्या नेहमीच्या वेळी वाढते व भूक चेतविते. त्याचा शोध १९९९ साली जपानमध्ये लागला. लेप्टिनचा शोध त्यापूर्वीचा, न्यूयॉर्क येथील जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४ मध्ये लावलेला. ते चरबीच्या पेशींतच निर्माण होते आणि साठा पुरेसा असल्याचे मेंदूस कळविते.

मग स्थूल व्यक्तीची भूक आपोआप का मंदावत नाही? तिच्या रक्तात लेप्टिन विपुल असते, परंतु मेंदू त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाही. उपासाने वजन घटविल्यास तर लेप्टिन उतरते, घ्रेलिन चढते आणि भूक अधिकच बळावते. अशा व्यक्तीस खादाड म्हणून हिणविणे अन्यायाचेच होय.

कृश बांधा हीदेखील खात्री नव्हे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुण्यातील नवजात बालके लंडनच्या बालकांहून वजनाने हलकी, परंतु वजनाच्या मानाने अधिक चरबी व लेप्टिन असलेली आढळली.

मंठाळ परिसरातील न चाळलेल्या पिठाची ज्वारीची भाकरी व तुरीचे घट्ट वरण या दृष्टीने उपकारक आहे. त्यांतील चोथा व प्रथिने यांमुळे आतड्यातील तृप्तीची संप्रेरके स्रवतात.