चिनी एल्मला पाऊस सोसतो, चिखल नाही

नर्सरीतून आणलेला चिनी एल्मचा बोन्साय बहुतेक घरांत थेट टीव्हीशेजारच्या टेबलावर जातो. दोन-तीन महिन्यांत त्याची पाने पिवळी पडू लागतात. घरच्यांना वाटते, झाडाला पाणी कमी पडतेय. मग रोज दोन वेळा पाणी सुरू होते आणि मुळे कुजतात. खरे तर झाडाला कमी पडत असतो तो उजेड. अंधाऱ्या जागी पाने पाणी फारसे ओढत नाहीत, माती ओलीच राहते आणि वरून आणखी पाणी पडत जाते.

चीन, कोरिया आणि जपानमधला हा मोकळ्यावर वाढणारा वृक्ष आहे. शास्त्रीय नाव उल्मस पार्विफोलिया. जमिनीत तो चांगला तीन-चार मजली उंच होतो. आपला वावळ याच कुळातला. उन्हाळ्यात वावळाच्या कागदासारख्या चकत्या वाऱ्यावर उडतात, तशीच पंखवाली फळे एल्मलाही येतात. विसाव्या शतकात बुरशीच्या एका रोगाने युरोप-अमेरिकेतले कोट्यवधी एल्म गेले, पण ही चिनी जात त्या रोगाला बऱ्यापैकी पुरून उरली. इतके चिवट झाड कुंडीत मरते, तेव्हा दोष बहुधा जागेचा असतो.

महाराष्ट्रात बोन्सायची आवड रुजवली ती मुंबईत निकुंज व ज्योती पारेख यांच्यासारख्यांनी आणि पुण्यात प्राजक्ता काळे यांनी. २०१८ साली पुण्यात मोठी आंतरराष्ट्रीय बोन्साय परिषदही झाली. पण निगेचे मुंबई-पुण्याचे वेळापत्रक जसेच्या तसे मलकापुरात चालणार नाही. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे वसलेल्या या गावात पावसाळा काही महिने मुक्कामालाच येतो. इथे एल्मची खरी परीक्षा मे महिन्यात होत नाही, ती आषाढात होते.

म्हणून सगळे लक्ष आधी मातीकडे द्यावे. शेतातली काळी किंवा गाळाची माती बोन्सायच्या उथळ कुंडीत भरली की पहिल्याच झडीत तिचा चिखल होतो आणि मुळांना हवा मिळत नाही. तीन भाग विटांचे किंवा जांभ्याचे ज्वारीच्या दाण्याएवढे खडे आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, एवढे मिश्रण पुरते. जांभा या भागातल्या माणसाला कुठे शोधायला जावा लागत नाही. तो फोडून चाळावा आणि धूळ धुऊन टाकावी, कारण ती धूळच पुढे कुंडीची भोके बुजवते. खडा सच्छिद्र असल्याने ओल धरतो आणि जास्तीचे पाणी सोडून देतो.

झाड अंगणात, गच्चीवर किंवा पडवीच्या कडेला ठेवा. सकाळचे चार-पाच तास ऊन हवेच. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरव्या जाळीची सावली द्या. पावसात झाड भिजायला हरकत नाही, पण कुंडी पागोळ्यांखाली नको. ती धार खत धुऊन नेते आणि मुळे उघडी पाडते. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, खालची बशी काढून टाका आणि सलग झड लागली की काही दिवस पत्र्याखाली घ्या. घरातच ठेवायचे असेल तर पूर्वेच्या खिडकीला अगदी लागून ठेवा आणि अधूनमधून बाहेरची हवा दाखवा. माझे स्पष्ट मत आहे की आपल्या हवेत या झाडाला घरात कोंडण्याचे काहीच कारण नाही. पाहुणे येतील तेव्हा दोन दिवस आत आणावे, पुन्हा बाहेर न्यावे.

पाण्याला वेळापत्रक नको. बांबूची काडी मातीत खुपसून पाहा. माती कोरडी होत आली की भोकांतून पाणी वाहेपर्यंत घाला. उन्हाळ्यात याची पाळी रोज येईल, पावसाळ्यात कित्येक दिवस येणार नाही. कोरड्या हवेत लाल कोळी लागतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारावा. त्याने भागले नाही तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणासह संध्याकाळी फवारावे. तीव्र रासायनिक औषधांनी एल्म पाने टाकू शकतो, म्हणून औषध आधी एका फांदीवर तपासावे.

छाटणीला हे झाड मोठे दिलदार आहे. कोंब सहा-सात पानांचा झाला की दोन पानांवर कापावा. जुन्या लाकडावरही नवे डोळे फुटतात. तार लावली असेल तर ती महिन्याभराने तपासा. खोड झपाट्याने जाड होते आणि तारेचा वळ वर्षानुवर्षे जात नाही. कुंडी दोन वर्षांनी, डोळे फुगू लागण्याच्या सुमारास, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत बदलावी. मुळांचा एक तृतीयांश भाग कापता येतो. कापलेली पेन्सिलीएवढी जाड मुळे टाकू नका. वरचे टोक जरासे उघडे ठेवून लावली तर त्यांतूनही नवी रोपे फुटतात.

थंडीत किंवा जागा बदलल्यावर एल्म पाने गाळतो. पुष्कळ झाडे याच वेळी मेली समजून उकिरड्यावर जातात. तसे करण्याआधी फांदीची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर पाणी कमी करा, खत बंद ठेवा आणि नवी पालवी येईपर्यंत त्याला वेळ द्या.