ग्राउंड स्कूल : घरी बसून की वर्गात जाऊन?



बारावी झालेल्या मुलामुलींचा, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचा, एक प्रश्न मला सतत येतो. पायलट व्हायचं आहे, तर लेखी परीक्षांची तयारी घरी बसून ऑनलाइन करावी, की दिल्ली-मुंबईला जाऊन पूर्णवेळ ग्राउंड स्कूल करावं? कुणी बेळगावहून विचारतं, कुणी इंदूरहून, कुणी बडोद्याहून. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा क्लासची फी असते. पण या सगळ्या प्रवासात फी हा लहान आकडा आहे. प्रत्यक्ष उडाणाचा खर्च आज ५० लाखांच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. त्यासाठी कुणी घर गहाण टाकतं, कुणी सातबारा बँकेत ठेवतं. तो पैसा भरण्याआधी आपल्या मुलाला हा अभ्यास झेपतो का, हे कळण्याची एकमेव स्वस्त जागा म्हणजे ग्राउंड स्कूल. म्हणून निर्णय नीट घ्यायचा.

आधी परीक्षा काय आहे ते पाहू. आपल्याकडे पायलटचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देतं. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी वय किमान १८ लागतं, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, आणि २०० तासांचं उडाण लागतं. लेखी विषय असे : एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मीटिऑरॉलॉजी म्हणजे हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स म्हणजे नियम, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. प्रश्न पर्यायी उत्तरांचे, परीक्षा संगणकावर, आणि पास व्हायला प्रत्येक विषयात ७० टक्के. याशिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. तो पूर्वी दूरसंचार विभागाकडे होता. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ या कायद्याने ते काम नागरी विमान वाहतुकीकडे सोपवलं आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. या लेखी परीक्षांना बसण्यासाठी अमुक वर्गात इतके दिवस हजेरी हवी, अशी अट आपल्याकडे नाही. डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर मिळवायचा, बारावीची कागदपत्रं पडताळून घ्यायची, आणि परीक्षेचा अर्ज भरायचा. युरोपात तसं नाही. तिथे एअरलाइन पायलटच्या थिअरीसाठी मान्यताप्राप्त शाळेत नाव घालावंच लागतं, आणि दूरशिक्षण घेतलं तरी काही भाग वर्गात बसूनच करावा लागतो. आपल्याकडे मोकळीक आहे. मोकळीक चांगली, पण तिचा अर्थ असा की शिस्त कुणी लावून देणार नाही.

यातूनच एक सावधगिरी निघते. डीजीसीएची मान्यता असते ती उडाण शिकवणाऱ्या संस्थेला. त्या संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. नुसत्या लेखी विषयांच्या खासगी शिकवणीने 'डीजीसीए मान्यताप्राप्त' असा फलक लावला असेल, तर मान्यतेचा कागद दाखवा म्हणायचं. भिडेखातर गप्प बसायचं नाही.

घरून शिकणं म्हणजे एकच प्रकार नव्हे. पहिला प्रकार निव्वळ स्वाध्याय : पुस्तकं आणायची आणि बसायचं. आय. सी. जोशी यांचं हवामानशास्त्राचं आणि आर. के. बाली यांचं नियमांचं पुस्तक देशभरातली मुलं वर्षानुवर्षं वापरत आली आहेत. दुसरा प्रकार रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, आपल्या सोयीने पाहायची. तिसरा प्रकार ठरलेल्या वेळी थेट ऑनलाइन वर्ग, जिथे शिक्षकाला मध्येच थांबवून शंका विचारता येते. हे तिन्ही 'ऑनलाइन' या एकाच नावाखाली विकले जातात. पैसे भरण्याआधी आपल्याला नेमकं कोणतं मिळणार, ते लेखी घ्या. रेकॉर्डिंगची मुदत किती, शंका विचारायची सोय कशी, चाचण्या कोण तपासतं, हेही विचारा.

पूर्णवेळ वर्गात काय मिळतं? मुलगा चार-सहा महिने दुसरं काही करत नाही. सकाळी वर्ग, दुपारी गणितं, संध्याकाळी सोबतच्या चौघांशी चर्चा. दिल्लीच्या द्वारका भागात असे वर्ग गल्लोगल्ली आहेत, आणि देशभरातली मुलं तिथे खोल्या करून राहतात. त्या वातावरणाचा फायदा खरा आहे. तोटाही खरा आहे. फीच्या जोडीला खोलीभाडं, जेवण, प्रवास येतो. मोठ्या तुकडीत मागच्या बाकावर बसून गप्प राहणारा मुलगा वर्गातही एकटाच शिकत असतो, फक्त भाडं भरून.

आता विषयवार पाहू, कारण सगळे विषय एका मापाने मोजता येत नाहीत.

नियमांचा विषय वाचनाचा आणि पाठांतराचा आहे. ज्याला रोज दोन तास बसायची सवय आहे, त्याने तो घरी करावा. इथे बहुतेकांना वर्गाची गरज नाही.

हवामानशास्त्र वाचून समजतं, पण पुस्तक आपल्या देशाचं हवं. पुष्कळ मुलं परदेशी व्हिडिओ पाहून तयारी करतात. ते उत्तम असतात, पण त्यांत नैर्ऋत्य मोसमी पाऊस, पश्चिमी विक्षोभ, बंगालकडची कालबैसाखी, राजस्थानातली आंधी, उत्तरेतलं जानेवारीचं धुकं हे नसतं किंवा ओझरतं असतं. आपल्या परीक्षेत ते विचारलं जातं, आणि पुढे नोकरीत त्याच हवेतून विमान न्यायचं असतं.

नेव्हिगेशन हा हाताचा विषय आहे. नकाशावर रेघ मारणं, वाऱ्याचा त्रिकोण काढणं, फ्लाइट कॉम्प्युटर नावाची गोल सरकपट्टी फिरवणं. साधं उदाहरण घ्या. साठात एक असा एक नियम आहे : ६० मैल गेल्यावर १ मैल बाजूला सरकलात, तर चूक साधारण १ अंशाची. आता ३० मैलांवर तुम्ही २ मैल बाजूला आहात. म्हणजे चूक ४ अंशांची. पुढे ६० मैल उरले आहेत, आणि त्यात ते २ मैल भरून काढायचे आहेत, म्हणजे आणखी २ अंश. एकूण ६ अंश वळायचं. कागदावर हे सोपं दिसतं, पण अशी दोनशे गणितं घड्याळ लावून केल्याशिवाय हात बसत नाही. हात चुकत असेल तर कुणीतरी शेजारी बसून 'इथे चुकलास' म्हणणारं लागतं. मॅथ्स कच्चं असेल, तर या एका विषयासाठी तरी समोरासमोरचा शिक्षक गाठा.

टेक्निकल जनरल मध्यम आहे. इंजिन, उपकरणं, उडाणाचं शास्त्र. ज्याचं फिजिक्स बरं आहे त्याला चांगल्या व्हिडिओवर जमतं. टेक्निकल स्पेसिफिक मात्र विशिष्ट विमानावरचा विषय आहे. तुम्ही सेस्ना १७२ वर शिकणार की आणखी कशावर, हे उडाण शाळा ठरल्याशिवाय कळत नाही. म्हणून तो आधी घाईने करण्यात अर्थ नाही.

राहिला रेडिओ. तिथे तोंडाने बोलावं लागतं. समोरचा सूचना देतो, आपण ती लगेच आणि अचूक परत म्हणायची असते, आणि इंग्रजीत. पडद्याकडे पाहून हे येत नाही. जोडीदार हवा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी घाबरू नये. या संभाषणातली वाक्यं ठरीव आहेत, शब्दही मर्यादित आहेत. पण रोज मोठ्याने म्हणायला हवीत. सैन्यात वायरलेसवर बोलायला आम्ही खेड्यापाड्यातून आलेल्या जवानांना असंच शिकवतो. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, आणि बोलायचं.

फौजेचा विषय निघाला म्हणून सांगतो. अधिकाऱ्यांना पार्ट बी, पार्ट डी या बढतीच्या परीक्षा पोस्टिंगवर राहूनच द्याव्या लागतात. वर्ग नसतो, नोकरी चालूच असते. त्यात कोण पास होतं हे मी अनेक वर्षं पाहिलं. हुशार अधिकारी सगळे पास होतात असं नव्हतं. ज्यांची अभ्यासाची वेळ ठरलेली होती, आणि ज्यांच्याबरोबर उत्तरं तपासणारा एक सोबती होता, ते पास होत. दूरशिक्षण जमण्याच्या अटी या दोनच आहेत : ठरलेली वेळ आणि तपासणारा माणूस.

एक मोठा धोका दोन्हीकडे सारखाच आहे : प्रश्नसंच. जुने प्रश्न पाठ करून ७० टक्के मिळूही शकतात. वर्गातही हे करवून घेतात, ऑनलाइनही. पण पुढे विमान कंपनीची लेखी परीक्षा असते, मुलाखत असते, मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग असतं. तिथे पाठांतर उघडं पडतं. तोवर ५० लाख खर्च होऊन गेलेले असतात.

तुम्ही पालक आहात आणि यातलं काही कळत नाही, तरी एक तपासणी तुम्ही घरी करू शकता. मुलाला विचारा : उंची दाखवणारं यंत्र दाब मोजतं, तर बाहेरचा दाब कमी झाला आणि आपण यंत्र जुळवलं नाही, तर काय होईल? समजून शिकलेला मुलगा तुम्हाला असं सांगेल : यंत्र १०१३ वर लावलं आहे, आणि पावसाळ्यात समुद्रसपाटीचा खरा दाब १००३ आहे. दर हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट धरले, तर १० चा फरक म्हणजे ३०० फूट. यंत्र २००० फूट दाखवेल, आणि आपण असू १७०० वर. समोर डोंगर असेल तर हे ३०० फूट कुठून आणणार? पाठ केलेला मुलगा फक्त 'पर्याय क' सांगेल. हा फरक ऐकताना तुम्हाला लगेच कळेल.

मग निर्णय कसा घ्यायचा? माझा सल्ला असा. सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी. आधी क्लास टू, आणि शक्य तितक्या लवकर क्लास वन. डोळे, कान, हृदय यांत अडचण निघाली, तर क्लासची फीसुद्धा वाचते. त्याच वेळी कॉम्प्युटर नंबरची कागदपत्रं सुरू करा. बारावी कला किंवा वाणिज्यची असेल, तर मुक्त विद्यालयातून फिजिक्स आणि मॅथ्स करून घेण्याचा रस्ता आहे. तो वेळ हिशेबात धरा.

यानंतर सहा आठवड्यांची घरगुती चाचणी. एक हवामानशास्त्राचं पुस्तक आणा. रोज सकाळी ठरलेले तीन तास. रविवारी आठवड्याचा भाग पुस्तक बंद करून मुलाने घरच्यांना समजावून सांगायचा. सहा आठवड्यांत किती दिवस बुडाले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. चार-पाच दिवस बुडाले आणि समजावणं जमत असेल, तर मुलगा घरून शिकू शकतो. अर्ध्याहून जास्त दिवस बुडाले, तर त्याला ओरडू नका. त्याला वर्गाची शिस्त लागते एवढंच त्यातून कळलं. अशा मुलाला पूर्णवेळ पाठवा. आणि सहा आठवड्यांत विषयच नकोसा झाला असेल, तर हे आत्ता कळलं याचा आनंद माना.

जो नोकरी करतोय किंवा पदवी पूर्ण करतोय, त्याने घरून शिकावं. ज्याचं घर लहान, अभ्यासाला कोपरा नाही, नेट धड चालत नाही, त्याने वर्ग गाठावा. मधल्या सगळ्यांसाठी मिश्र मार्ग चांगला : नियम आणि हवामान घरून, नेव्हिगेशन आणि रेडिओ वर्गात. खर्च कमी होतो, आणि जिथे माणूस लागतो तिथे माणूस मिळतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. लेखी निकालाला मुदत असते. घरून शिकताना एकेक पेपर रेंगाळत गेला, तर पहिला निकाल जुना होत जातो. म्हणून पहिल्या पेपरच्या आधीच सगळ्यांचं वेळापत्रक करा. आणि शक्यतो मुख्य पेपर सुटल्याशिवाय उडाण शाळेचा मोठा हप्ता भरू नका. परदेशात उडाण शिकायला जाणाऱ्यालाही परत आल्यावर डीजीसीएची परीक्षा द्यावीच लागते. म्हणून पाया इथेच पक्का करून जा.

वर्ग निवडताना जाहिरातीतल्या हसऱ्या फोटोंवर जाऊ नका. एक दिवस मागे बसून ऐकू द्या म्हणा. शिकवणारा फळ्यावर गणित सोडवतो की नुसता प्रश्नसंच वाचतो, ते पाहा. फी हप्त्यांनी घेतात का, मध्येच सोडलं तर किती परत देतात, हे कागदावर घ्या. ऐकू द्यायला नकार मिळाला, तर दुसऱ्या क्लासची चौकशी करा.

पुढच्या भागात उडाण शाळा कशी निवडायची आणि तिथे विमानं, शिक्षक व हवामान यांचा हिशेब कसा मांडायचा, ते बोलू. तोपर्यंत वैद्यकीय तपासणीची तारीख घेऊन ठेवा.

जय हिंद.