विश्लेषण : अवयव प्रत्यारोपणानंतर मुलाला सांभाळणारा ‘मधला माणूस’ कोण?

लहान मुलाचे यकृत किंवा मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया काही तासांत संपते. त्यानंतरचे काम मात्र वर्षानुवर्षे चालते. डोस किती द्यायचा, रक्ताचा अहवाल ठीक आहे का, ताप आला तर काय करायचे, शाळेत कधी पाठवायचे, असे प्रश्न घरच्यांना रोज पडतात. अमेरिकेत या कामासाठी डॉक्टर आणि परिचारिका यांच्या मधले एक स्वतंत्र पद आहे. आपल्याकडे तेच काम प्रत्यारोपण समन्वयक, परिचारिका आणि फिजिशियन असिस्टंट वाटून घेतात. जबाबदारी त्यांच्यावर आहे, अधिकार मात्र मर्यादित. सातारा आणि सांगलीतल्या कुटुंबांसाठी हा विषय महत्त्वाचा का, ते पाहू.

‘ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस प्रोव्हायडर’ म्हणजे काय?

या नावाखाली प्रामुख्याने दोन पदे येतात. पहिले नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे उच्च शिक्षण घेऊन तपासणी आणि उपचार करण्याची परवानगी मिळालेली परिचारिका. दुसरे फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली वैद्यकीय काम करणारी प्रशिक्षित व्यक्ती. दोन्ही पदांची सुरुवात अमेरिकेत १९६५ मध्ये झाली. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तर ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी फिजिशियन असिस्टंटचा. यातला कोलोरॅडोचा अभ्यासक्रम मुलांच्याच आरोग्यासाठी होता. तिथे डॉक्टर कमी पडत होते आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत पोहोचायचे होते.

आज अमेरिकेच्या सर्व राज्यांत या दोन्ही पदांवरील व्यक्ती औषधे लिहून देऊ शकतात. अटी मात्र राज्यानुसार बदलतात.

मुलांच्या प्रत्यारोपणात त्यांचे काम काय असते?

सर्जन शस्त्रक्रियागृहात असतो तेव्हा वॉर्डातली मुले, बाह्यरुग्ण विभाग आणि घरून येणारे फोन हीच माणसे सांभाळतात. सकाळी रक्ताचे अहवाल बघणे, डोस ठरवणे, जखम आणि नळ्या तपासणे, आई-बापांना औषधे द्यायला शिकवणे आणि घरी गेल्यावर पाठपुरावा करणे, हा त्यांचा दिनक्रम.

यातला कळीचा भाग औषधाचा. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध द्यावे लागते. टॅक्रोलिमस हे त्यातले मुख्य औषध बहुधा दर १२ तासांनी दिले जाते. रक्तातले त्याचे प्रमाण कमी झाले तर शरीर अवयवावर हल्ला करते. ते वाढले तर मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ही मधली पट्टी फार अरुंद असते.

मोठ्या माणसाचे वजन महिनोन्महिने तेच राहते. मुलाचे वाढत जाते, त्यामुळे डोसही सतत तपासावा लागतो. शिवाय मूल औषध थुंकते, उलटी करते, जुलाबाने हैराण होते. अवयव नाकारण्याच्या सुरुवातीला अनेकदा कोणतेही लक्षण दिसत नाही, फक्त रक्ताच्या अहवालातला आकडा बदलतो. तो आकडा बघून त्याच दिवशी घरी फोन करणारे कोणी तरी लागते.

भारतात हे काम कोण करते?

भारतात लहान मुलाचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झाले. तमिळनाडूतला तो मुलगा तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. वडिलांच्या यकृताचा तुकडा त्याला बसवण्यात आला. पुढे तो स्वतः डॉक्टर झाला. त्यानंतर शस्त्रक्रियेचे तंत्र देशभर पसरले. मधल्या फळीतल्या पदांची वाढ त्यामानाने संथ राहिली.

फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाले. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिक आयोग कायद्याने ‘फिजिशियन असोसिएट’ला व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली.

प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात मात्र कायद्याने बंधनकारक असलेले पद वेगळेच आहे, ते म्हणजे प्रत्यारोपण समन्वयक. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार समन्वयक नेमल्याशिवाय रुग्णालयाला प्रत्यारोपणाची नोंदणी मिळत नाही. २०१४ च्या नियमांनुसार डॉक्टर, परिचारिका किंवा समाजकार्यासारख्या विषयातले पदवीधर हे काम करू शकतात. कागदपत्रे, समुपदेशन, प्रतीक्षा यादी, रुग्णालयांमधला समन्वय हे सगळे त्यांच्याकडे असते. औषध लिहून देण्याचा किंवा डोस बदलण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

सातारा-सांगलीचा प्रश्न काय?

अवयव वाटपासाठी महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत. सातारा आणि सांगली पुणे केंद्राच्या हद्दीत येतात. साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर, सांगलीहून साधारण २३० किलोमीटर. जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या आतल्या गावातून निघायचे तर त्याआधीचा प्रवास वेगळा.

या भागात वैद्यकीय सोयी नाहीत असे नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, तेव्हापासून हे गाव दूरदूरच्या रुग्णांचे ठिकाण आहे. कराड, सांगली आणि सातारा इथेही मोठी रुग्णालये आहेत. पण मुलांचे यकृत प्रत्यारोपण हे थोड्या केंद्रांचे काम. त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावीच लागते.

समजा, आटपाडी तालुक्यातल्या एका मुलीचे प्रत्यारोपण पुण्यात झाले. सहा महिन्यांनी तिला खोकला येतो. गावातले डॉक्टर चांगल्या हेतूने क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देतात. या औषधाने टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण झपाट्याने वाढू शकते. उलट क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन ते प्रमाण इतके खाली आणते की अवयव धोक्यात येतो. गावातल्या डॉक्टरांनी पुण्याला एक फोन केला तर हे टळते. पण फोन कोणाला करायचा, तो उचलणाऱ्याला मुलीचा इतिहास माहीत आहे का, आणि तो लगेच निर्णय देऊ शकतो का, यावर सगळे अवलंबून असते.

या साखळीची सुरुवात कुठे होते?

मुलांमध्ये यकृत प्रत्यारोपणाचे जगभर सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे बिलियरी अट्रेसिया. यात जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच पित्तनलिका बंद होत जातात. जपानी सर्जन मोरिओ कसाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. ती बाळ ६० दिवसांचे होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त असते. त्यानंतरही अनेक मुलांना पुढे प्रत्यारोपण लागते, पण मधली काही वर्षे मिळतात आणि मूल मोठे होते.

अडचण अशी की नवजात बाळाची कावीळ आपल्याकडे ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ म्हणून सोडून दिली जाते. बहुतेक बाळांची जातेही. पण १४ दिवसांनंतरही कावीळ राहिली, शी पांढरट किंवा मातकट झाली आणि लघवी गडद पिवळी होऊन लंगोटाला डाग पडू लागले, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून रक्ततपासणी करून घ्यावी.

आशा सेविका नवजात बाळाच्या घरी ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देतात. या सगळ्या भेटी ६० दिवसांच्या आतल्या आहेत. प्रत्येक भेटीत शीचा रंग विचारायला एक मिनिट लागते.

दाता कोण होऊ शकतो?

लहान बाळाला मोठ्या माणसाच्या यकृताचा डावीकडचा छोटा तुकडा पुरतो आणि दात्याचे यकृत पुन्हा वाढते. त्यामुळे आई किंवा वडीलच बहुधा दाते असतात. कायद्यानुसार आजी-आजोबाही ‘जवळचे नातेवाईक’ आहेत. मात्र मामा, काका, आत्या, मावशी या व्याख्येत येत नाहीत. आपल्या घरात ती कितीही जवळची असली तरी त्यांना प्राधिकार समितीची मंजुरी लागते. त्या मंजुरीसाठी लागणारा वेळ आधीच गृहीत धरायला सांगणे, हेही समन्वयकाचे काम.

मग अधिकार वाढवावेत का?

बाजूने मुद्दा सोपा आहे. मुलांच्या यकृत आणि मूत्रपिंडाचे तज्ज्ञ मोजके आणि मोठ्या शहरांतच आहेत. ठरवून दिलेल्या नियमावलीच्या आत प्रशिक्षित व्यक्तीला डोस बदलू दिला, तपासण्या लिहू दिल्या, तर गावातल्या मुलाला उत्तर त्याच दिवशी मिळेल.

विरोधातला मुद्दाही हलका नाही. ब्रिटनमध्ये फिजिशियन असोसिएट्सना डॉक्टरांच्या जागी वापरले जाते, अशा तक्रारींनंतर सरकारने समीक्षा नेमली. जुलै २०२५ मध्ये आलेल्या लेंग अहवालाने पदाचे नाव ‘फिजिशियन असिस्टंट’ करावे आणि ज्यांचे निदान झालेले नाही असे रुग्ण त्यांनी पाहू नयेत, अशी शिफारस केली. रुग्णाला समोरची व्यक्ती डॉक्टर आहे की नाही हे कळलेच पाहिजे, हा त्यामागचा आग्रह.

प्रत्यारोपण झालेल्या मुलाचे निदान मात्र आधीच झालेले असते. त्याला नवे निदान नको असते, तर ठरलेल्या उपचारावर बारीक लक्ष हवे असते. म्हणून या क्षेत्रात मर्यादित, लेखी आणि डॉक्टरांना उत्तरदायी अधिकार देणे तुलनेने सुरक्षित ठरते. पदाला नाव, वेतनश्रेणी आणि अधिकारांची सीमा मिळाली, तर अनुभवी माणसे या कामात टिकतील. ओळखीची परिचारिका नोकरी सोडून गेली की कुटुंबाचा फोन नंबरच हरवतो, ही अवस्था बदलायला हवी.

या क्षेत्रात यायचे असेल तर?

कराड, सांगली आणि मिरज इथे नर्सिंगची महाविद्यालये आहेत. पदवीनंतर बालरोग किंवा अतिदक्षता विभागातला अनुभव, मग पदव्युत्तर शिक्षण किंवा प्रत्यारोपण समन्वयकाचे प्रशिक्षण, असा एक मार्ग आहे. समाजकार्याच्या पदवीधरांनाही समन्वयक होता येते. रात्री-अपरात्री फोन येतात, हे मात्र धरून चालावे. आणि मराठीतून, आईला कळेल अशा शब्दांत समजावता येणे ही या कामातली मोठी पात्रता आहे.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

• रक्तातले औषधाचे प्रमाण तपासायचे असेल त्या सकाळी आधी रक्त द्यावे, मग डोस घ्यावा.

• औषधाची कंपनी परस्पर बदलू नये. दुकानदाराने दुसरी दिली तर आधी प्रत्यारोपण केंद्राला विचारावे.

• डोसनंतर उलटी झाली तर स्वतःच्या मनाने दुसरा डोस देऊ नये, फोन करावा.

• ग्रेपफ्रूट, पपनस आणि काढे-जडीबुटी टाळावी. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके विचारल्याशिवाय देऊ नयेत.

• गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी प्रत्यारोपणाआधीच पूर्ण करण्याबाबत विचारावे. नंतर त्या सहसा टाळल्या जातात.

• शस्त्रक्रियेची तारीख, सध्याचे डोस आणि केंद्राचा फोन नंबर एका कागदावर लिहून त्याची प्रत गावातल्या डॉक्टरांकडे, एक शाळेत आणि एक घरात ठेवावी.