ऋतुराज घ्यायचा की फाफ? फँटसी टीममध्ये दोन सारख्या प्लेअर्समधून एक कसा निवडायचा

आयपीएलचे दिवस, संध्याकाळचे सात. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर जा, टॉस झाला की निम्म्या माना मोबाईलमध्ये गेलेल्या दिसतील. साडेसातला पहिला बॉल पडायच्या आत फँटसी टीम लॉक करायची असते. दहा जण ठरलेले असतात, अकराव्या जागेवर गाडी अडते. दोन प्लेअर उरतात, दोघंही भारी, क्रेडिट एकालाच पुरतंय. मग ग्रुपवर मेसेज पडतो, "भाई, याला घेऊ की त्याला?"

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत फँटसी फुटबॉल खेळणारे लोक दर आठवड्याला 'वाईड रिसीव्हर'वरून असंच डोकं खाजवतात. वाईड रिसीव्हर म्हणजे लांबून फेकलेला बॉल पळत जाऊन पकडणारा गडी. दोन रिसीव्हर सारखेच वाटत असतील, तर तिथले मुरलेले खेळाडू आधी एक गोष्ट बघतात : मॅचमध्ये याच्याकडे बॉल किती वेळा फेकला जातो? पकडणं नंतर, आधी संधी.

हे आपल्या क्रिकेटला कसं लागू होतं, ते बघायला एक भन्नाट केस आहे. आयपीएल २०२१.

चेन्नई सुपर किंग्जचे दोन ओपनर. एक आपल्या महाराष्ट्राचा ऋतुराज गायकवाड, दुसरा दक्षिण आफ्रिकेचा फाफ डू प्लेसी. दोघंही सगळ्या १६ मॅच खेळले. सीझन संपला तेव्हा ऋतुराजचे रन होते ६३५ आणि फाफचे ६३३. दोघांचे सिक्स २३-२३. ऋतुराजचे फोर ६४, फाफचे ६०. रनला १ पॉइंट, फोरला वरून १, सिक्सला वरून २ असा साधा हिशोब धरला, तर ऋतुराजचे ७४५ होतात, फाफचे ७३९. सोळा मॅचमध्ये सहा पॉइंटचा फरक!

ऑरेंज कॅपचा निकाल तर फायनलमध्ये चेन्नईच्या इनिंगच्या शेवटच्या बॉलवर लागला. ऋतुराज आऊट होऊन ६३५ वर थांबलेला, फाफ ६३३ वर खेळतोय, समोर कोलकात्याचा शिवम मावी. तीन रन निघाले असते तर कॅप फाफच्या डोक्यावर गेली असती. त्याने उंच मारला आणि व्यंकटेश अय्यरने कॅच घेतला.

मग काय, कुणालाही घ्या, सारखंच? थांबा. आता मॅचवार आकडे बघा. ज्या सोळा मॅच हे दोघं एकत्र खेळले, त्यात आठ वेळा ऋतुराजचे रन जास्त होते आणि आठ वेळा फाफचे. बरोब्बर निम्मे-निम्मे. पण प्रत्येक मॅचमध्ये दोघांच्या रनमध्ये जो फरक पडला, त्याची सरासरी काढली तर ती येते जवळपास ३४ रन. दुबईत मुंबई इंडियन्सविरुद्ध ऋतुराज नाबाद ८८, फाफ शून्य. पंजाबविरुद्ध फाफ ७६, ऋतुराज १२. दिल्लीविरुद्धच्या क्वालिफायरमध्ये ऋतुराज ७०, फाफ १. फायनलमध्ये फाफ ८६, ऋतुराज ३२.

म्हणजे सीझनभरात फरक २ रनांचा आणि एका संध्याकाळी ३४ चा. ज्याने त्या दिवशी बरोबर नाव टाकलं तो ग्रुपमध्ये हुशार ठरला आणि ज्याने चुकीचं टाकलं त्याला रात्रभर स्टिकर खावे लागले. खरं तर दोघांनीही नाणंच उडवलं होतं.

आता नाणं उडवण्याआधी जे बघता येतं, ते बघू.

पहिली गोष्ट संधी. टी-ट्वेंटीमध्ये इनिंगला १२० बॉल. ओपनरला त्यातले सगळ्यात जास्त मिळण्याची शक्यता, सहाव्या-सातव्या नंबरवाल्याला उरलेसुरले. याच २०२१ मध्ये धोनीने १६ मॅचमध्ये मिळून ११४ रन केले. क्वालिफायर त्याने ६ बॉलमध्ये नाबाद १८ करून संपवला, तो आनंद वेगळाच. पण मनात धोनी आणि टीममध्ये धोनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे थालाच्या फॅन्सनी आमच्यावर न चिडता मान्य करावं. दोन बॅट्समन सारखे वाटत असतील तर वरच्या नंबरवर येणारा घ्यायचा. दोघंही ओपनर असतील, तर हा मुद्दा इथेच संपतो.

दुसरी गोष्ट, बॅटिंग सोडून तो आणखी काय देतो? बहुतेक ॲपवर कॅचचे वेगळे पॉइंट मिळतात. फाफसारखा पट्टीचा फिल्डर असेल तर शून्यावर आऊट होऊनही हातात काहीतरी पडू शकतं. आणि दोनपैकी एक जण दोन ओव्हर टाकत असेल, तर फार विचारच करू नका. विकेटचे पॉइंट वीस-पंचवीस रनांची भरपाई करतात.

तिसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही : 'आपला माणूस'. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लब ग्राऊंडवर, महाराष्ट्राने रणजीत बडोद्याला ४३९ रननी हरवलं. ऋतुराज त्या मॅचमध्ये होता. डोळ्यासमोर खेळताना बघितलेल्या प्लेअरचं नाव सिलेक्ट करताना बोट आपोआप तिकडे जातं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते प्रेम आहे की अंदाज, एवढं स्वतःला माहीत असावं.

चौथी गोष्ट म्हणजे तुम्ही कुणाविरुद्ध खेळताय. दहा मित्रांच्या ग्रुपमध्ये तुम्ही पुढे असाल, तर बाकीच्यांनी घेतलाय तोच प्लेअर घ्या. तो चालला तरी तुमची आघाडी तशीच राहते, पडला तरी तशीच. मागे असाल तर उलटं, जो कुणाकडे नाही तो घ्या. दोघं खरोखर सारखे असतील तर दुसऱ्यांच्या टीममध्ये कोण नाही, हाच काय तो फरक उरतो. कॅप्टनला पॉइंट दुप्पट होतात, त्यामुळे हे गणित तिथे दुप्पट लागू.

आता पैशाचा विषय.

फँटसी गेम कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टाने ड्रीम इलेव्हनच्या बाजूने निकाल दिला, २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानेही हा कौशल्याचा खेळ मानला. प्लेअर अभ्यासून निवडावे लागतात, हा मुख्य युक्तिवाद. तो खोटा नाही. पण आपण वर बघितलं, अभ्यास सीझनभरात दिसतो आणि पैसे लागायचे ते रोजच्या एका मॅचवर. सारखा अभ्यास केलेले दोन जण त्या दिवशी ३४ रनांनी लांब जाऊन पडतात. हरलेल्याला वाटतं आपला अभ्यास कमी पडला, उद्या भरून काढू. तो उद्या परत पैसे टाकतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला : पैसे लावून जिंकायचा ऑनलाइन गेम असेल तर तो बंद. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. अशा गेम्समध्ये दरवर्षी ४५ कोटी लोक मिळून २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. ड्रीम इलेव्हनने लगेच पैशांच्या कॉन्टेस्ट थांबवल्या आणि टीम इंडियाच्या जर्सीवरचं नावही गेलं.

मोफत फँटसीवर बंदी नाही. उलट, सीझनभर एकच टीम चालवायची आणि मोजकेच बदल करता येतात, अशा मोफत लीगमध्ये निवडीचा खरा कस लागतो. तिथे सगळ्यात जास्त पॉइंट जातात ते घाईत केलेल्या बदलांमुळे.

परत २०२१ कडे या. पहिल्या तीन मॅचमध्ये ऋतुराजने केले ५, ५ आणि १०. त्याला ड्रॉप करा म्हणून सोशल मीडियावर गोंधळ. फाफचे तोवर ६९ झाले होते. समजा तुम्ही तिथे ऋतुराजला काढून फाफला घेतलं. पुढच्या मॅचला फाफ नाबाद ९५, ऋतुराज ६४. तुम्ही खूश. कोरोनामुळे मे महिन्यात सीझन थांबला तेव्हा सात मॅचनंतर फाफ ३२० वर होता, ऋतुराज १९६ वर. तुम्ही आणखी खूश. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यूएईत उरलेल्या नऊ मॅच झाल्या. त्यात फाफने ३१३ केले आणि ऋतुराजने ४३९.