श्लोकाचा पत्ता

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक अनेक मराठी घरांत पाठ असतो. कर्म आणि फळ यांच्याविषयीचा तो श्लोक. गीतेपुरता त्याचा पत्ता २.४७. पण गीता महाभारताच्या भीष्मपर्वात आहे, आणि महाभारतात हा श्लोक शोधायला गेले की पत्ता बदलतो. नीलकंठाच्या टीकेसह मुंबईत छापलेल्या पोथीत तो ६.२६.४७ वर आहे, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ६.२४.४७ वर. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला छापलेल्या आवृत्तीत तर अध्यायाचा आकडा पत्त्यात येतच नाही. पर्वाच्या पहिल्या श्लोकापासून शेवटच्यापर्यंत एकच अखंड मोजणी आहे. श्लोक तोच, दारावरच्या पाट्या तीन.

आता समजा, एखाद्या लेखकाने मुंबईची पोथी समोर ठेवून ‘भीष्मपर्व २६.४७’ एवढेच लिहिले. वाचकाने पुण्याची प्रत उघडली. तिथला सव्विसावा अध्याय म्हणजे गीतेचा चौथा, आणि त्यात श्लोकच ४२. सत्तेचाळिसावा सापडणार कुठून? लेखक खोटे बोललेला नाही, वाचकानेही चूक केलेली नाही, तरी दोघांची गाठ पडत नाही.

ही गाठ पडावी म्हणून महाराष्ट्रात जे कष्ट झाले, त्यात औंधचा वाटा फार मोठा आहे. औंध म्हटले की यमाई आठवते, सूर्यनमस्कार आठवतात, टेकडीवरचे चित्रसंग्रहालय आठवते, १९३९ साली राजाने आपणहून प्रजेच्या हाती सोपवलेला कारभार आठवतो. ग्रंथातल्या ओळींना नेमका क्रमांक देणे आणि त्या क्रमांकावरून वाचकाला अचूक जागी पोहोचवणे, या कलेच्या संदर्भात औंधचे नाव कुणी घेत नाही. ते घेतले पाहिजे.

संस्थान लहानसे. त्याचे तुकडेही विखुरलेले; औंध आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. गादीवर १९०९ पासून भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, रामायण चित्रांतून मांडणारे. १९१७ च्या जुलैत पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी बाळासाहेबांनी महाभारताच्या सचित्र, चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपये देण्याचे जाहीर केले. त्या काळचे लाख रुपये, तेही दुष्काळी मुलखातल्या संस्थानाचे. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाला आरंभ झाला. ते संपले १९६६ च्या सप्टेंबरात. तोवर देणगीदार राजा नव्हता, संस्थान नव्हते, आणि ज्यांनी कामाला खरी शिस्त लावली ते विष्णु सीताराम सुखठणकरही जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

सुखठणकरांची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. केंब्रिजला त्यांनी गणित केले आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृत भाषाशास्त्राकडे वळले. १९२५ साली ते प्रमुख संपादक झाले. त्यांच्या आवृत्तीचे कुठलेही पान उघडा, गणिती शिस्तीचा हात दिसतो.

आधी पाठ ताडून पाहण्याची रीत बघा. चौकटी आखलेल्या लांब कागदावर वरच्या ओळीत श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका हस्तलिखिताला एक ओळ. त्या हस्तलिखितात जिथे अक्षर वेगळे असेल, तेवढ्याच चौकटीत ते भरायचे. अशा रीतीने साऱ्या प्रकल्पात १,२५९ हस्तलिखिते हाताळली गेली. प्रत्येक हस्तलिखिताला खूण: लिपीवरून किंवा परंपरेवरून एक अक्षर आणि पुढे आकडा. शारदा, बंगाली, मैथिली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, प्रत्येक घराण्याचे अक्षर वेगळे. तळटीपेत चार खुणा दिसल्या की हा पाठ काश्मीरचा की केरळचा, हे जाणकार वाचक क्षणात सांगतो.

खरी अडचण पुढे होती. शेकडो श्लोक असे निघाले की ते काही हस्तलिखितांत आहेत आणि काहींत नाहीत. त्यांना मुख्य मजकुरात क्रमांक दिला तर ते मूळ ठरतात; न दिला तर त्यांच्याविषयी बोलताच येत नाही, कारण ज्याला क्रमांक नाही त्याचा हवाला देणार कसा? यावर उपाय म्हणून त्या ओळी पानाच्या तळाशी उतरवल्या आणि त्यांना वेगळी मोजणी दिली, आकड्यावर एक तारका. प्रत्येक पर्वात ही तारांकित मोजणी एकपासून सुरू होते. लांब प्रसंग परिशिष्टात गेले, तिथे त्यांना आणखी वेगळे क्रमांक. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, हा आपल्या सगळ्यांच्या मनातला प्रसंग आदिपर्वाच्या पहिल्या परिशिष्टात पहिल्या क्रमांकावर आहे. मूळ संहितेतून तो बाहेर गेला, पण पुसला गेला नाही. कुणालाही आज तो नेमका दाखवता येतो. मला ही तारका फार मोठ्या मनाची वाटते. संपादकाने निवाडा दिला आणि त्या निवाड्याविरुद्ध बोलू इच्छिणाऱ्याच्या हाती पुरावाही ठेवला.

समासात आणखी एक व्यवस्था आहे. पानाच्या कडेला बारीक अक्षरांत कलकत्ता, मुंबई आणि कुंभकोणम या जुन्या आवृत्त्यांचे क्रमांक दिले आहेत. शंभर वर्षांत जगभरच्या विद्वानांनी जुन्या क्रमांकांनी जे हवाले दिले, ते नव्या आवृत्तीमुळे वाया जाऊ नयेत म्हणून. नवा क्रमांक देताना जुना जपायचा, हे ज्याला सुचले त्याला ग्रंथ म्हणजे काय ते कळले होते. आणि हे सारे संगणकाशिवाय. आदिपर्व मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात खिळे जुळवून छापले गेले. एक श्लोक पुढेमागे झाला की खालच्या टीपा आणि समासातले आकडे यांची सगळी जुळणी पुन्हा तपासायची.

दुसरे काम प्रत्यक्ष औंधातच झाले. श्रीपाद दामोदर सातवळेकर मूळचे सावंतवाडीकडचे, १८६७ चा जन्म, शिक्षणाने चित्रकार. १९१८ च्या सुमारास ते औंधला आले, स्वाध्याय मंडळ काढले आणि तिथेच छापखाना घातला. माणदेशाला लागलेल्या या गावातून पुढे तीस वर्षे वेदांच्या संहिता बाहेर पडत राहिल्या.

वेद छापणे साधे नाही. ऋग्वेदात अनुदात्ताला अक्षराखाली आडवी रेघ, स्वरिताला डोक्यावर उभी, उदात्त कोरा. सामवेदात रेघांऐवजी अक्षरांवर आकडे बसतात. एक रेघ शेजारच्या अक्षराखाली सरकली तर उच्चार बदलतो. मुद्रिते तपासणाऱ्याचे डोळे किती शिणत असतील, ते ती पाने भिंगाखाली धरली म्हणजे कळते.

वेदांत क्रमांकांची परंपरा छपाईच्या कितीतरी आधीची आहे. ऋग्वेदाला दोन पूर्ण स्वतंत्र मोजण्या आहेत. एक मंडल, सूक्त, ऋचा अशी. १० मंडले, १,०२८ सूक्ते. दुसरी अष्टक, अध्याय, वर्ग अशी. ८ अष्टके, ६४ अध्याय. पहिली ऋषींच्या कुळांना धरून चालते, दुसरी पाठांतराच्या सोयीने सारखे वाटे पाडते. गायत्री मंत्र पहिल्या मोजणीत ३.६२.१० आहे, दुसरीत ३.४.१०.५. शिवाय कात्यायनाची सर्वानुक्रमणी आहे. तिच्यात प्रत्येक सूक्ताची आरंभीची अक्षरे, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद, एवढे सगळे सूत्रांत बांधले आहे.

यातली आरंभीची अक्षरे म्हणजे प्रतीक. यज्ञविधी सांगणारी सूत्रे मंत्राचा आकडा सांगत नाहीत. मंत्राचे पहिले दोन-तीन शब्द उच्चारतात आणि ऐकणारा पुढचे म्हणतो. आपल्याकडे आरतीच्या वेळी कुणी ‘सुखकर्ता घ्या’ म्हणतो, ती हीच रीत. आकडा मोजणीवर अवलंबून असतो. वर दोन ऋचा वाढल्या की तो बदलतो. प्रतीक मात्र ऋचेलाच चिकटलेले असते. ऋचा कुठेही हलवा, तिचे नाव तिच्याबरोबर जाते.

सातवळेकरांनी या गुणाचा धीटपणे उपयोग केला. ‘दैवत-संहिता’ या ग्रंथात त्यांनी मंत्रांची जुनी बैठक मोडून ते देवतांनुसार लावले. अग्नीचे सगळे एकत्र, इंद्राचे एकत्र. मंत्राला नव्या मांडणीतला अनुक्रमांक मिळाला आणि त्याचे मूळ ठिकाणही नोंदले गेले. त्यामुळे अग्नीविषयी वेद काय म्हणतो ते सलग वाचता येते आणि हवे तेव्हा मूळ सूक्तात परतता येते. श्रद्धाळू वाचकाला ही उलथापालथ खटकू शकते. माझ्या मते मात्र मूळ ठिकाण जपून केलेली फेरमांडणी ही वाचकाची मोठी सेवा आहे.

१९४८ साली सातवळेकरांनी औंध सोडले आणि मंडळ गुजरातेत पारडीला हलवले. शंभरी पार करून १९६८ साली ते वारले.

आकडा की नाव, हा प्रश्न गणिताच्या छपाईतही येतो; आता तिकडे वळतो. दहावीच्या भूमितीत सिद्धता लिहिताना आपण ओळीच्या शेवटी टिंबे देऊन (१) लिहीत असू, पुढे (२), आणि मग ‘(१) व (२) वरून’. मध्येच एक पायरी राहून गेल्याचे लक्षात आले की खालचे सगळे आकडे खोडावे लागत. वहीत हे चालते. तीनशे समीकरणांच्या प्रबंधात चालत नाही. डोनाल्ड नूथ या गणितज्ञाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली आणि पुढच्या दशकात लेस्ली लॅम्पोर्टने तिच्यावर लाटेक उभारली. लाटेकमध्ये लेखक समीकरणाला आकडा देतच नाही, नाव देतो. समजा, ‘उष्णता’. पुढे जिथे त्या समीकरणाचा हवाला हवा, तिथेही तो नावच लिहितो. पहिल्या फेरीत यंत्र मोजणी करून कोणत्या नावाला कोणता क्रमांक आला ते एका सहायक फाइलीत टिपते. दुसऱ्या फेरीत ते क्रमांक जागोजागी भरते. नाव सापडले नाही तर त्या जागी ठळक दोन प्रश्नचिन्हे उमटतात आणि चूक छपाईआधीच डोळ्यांत भरते. मध्ये दहा समीकरणे घाला, अध्याय पुढेमागे करा, हवाले आपोआप दुरुस्त होतात. हे सूत्रकारांचे प्रतीकच आहे: लेखकाने नाव धरायचे, आकडा मोजणाऱ्याने काढायचा. १९९१ साली हॉलंडमध्ये फ्रान्स वेल्थाउसने टेकसाठी देवनागरीची सोय केली आणि संस्कृत ग्रंथांनाही ही जुळणी खुली झाली.

पण यंत्राची ही लवचीकता ग्रंथ छापेपर्यंतच कामाची. छापून बाहेर पडल्यावर समीकरण (३.७) हे लोकांच्या लेखांत, टिपणांत, शिकवण्यात जाऊन बसते. दुसऱ्या आवृत्तीत तेच (३.९) झाले तर यंत्राचे काहीच बिघडत नाही; बिघडते ते जुन्या हवाल्यांचे. तिथे सुखठणकरांचा समासच लागतो. महाभारताची संगणकीय प्रत क्योटोच्या टोकुनागांनी बनवली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. तिनेही पुण्याचा क्रमांक तसाच ठेवला. त्या प्रतीत गीतेचा तो श्लोक ०६०२४०४७ म्हणून उभा आहे: दोन अंक पर्वाचे, तीन अध्यायाचे, तीन श्लोकाचे. आज जगात कुठेही महाभारतावर लेख लिहिला गेला की बहुधा याच क्रमांकाने बोलले जाते.

आपल्या मराठी ग्रंथांची स्थिती इतकी चांगली नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत ओव्यांचे क्रमांक पुढेमागे होतात. तुकोबांच्या गाथेत एकच अभंग एका आवृत्तीत एका क्रमांकावर, दुसरीत दुसऱ्या. तरी भाषणांत, वर्तमानपत्रांत आणि प्रबंधांतही नुसता आकडा देऊन मोकळे होण्याची सवय आहे. लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: अभंगाचा क्रमांक देताना आवृत्तीचे नाव आणि साल द्या, आणि अभंगाचे पहिले दोन शब्दही लिहा. प्रकाशकांनी गाथेची नवी आवृत्ती काढताना जुन्या क्रमांकांचा तक्ता मागे जोडावा. चार-सहा पानांचा खर्च आहे. औंधने याहून खूप अधिक केला होता.