घरातली ओल आणि छातीतली घरघर

आगोटीचे दिवस आले, की कोकणातली माणसे सरपण आत घेतात. मीठ-मिरची भरून ठेवतात. कौले नीट करून घेतात. पण पावसाबरोबर एक पाहुणा न बोलावता घरात शिरतो. तो दिवाळीपर्यंत हलत नाही. त्याचे नाव ओल.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी जमिनीवर तसंच साचलं, तर सुमारे दहा फूट खोल होईल! हवासुद्धा पाण्याने भरलेली असते. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही. पण मिठाला पाणी सुटते, पापड सादळतो, काडी पेटत नाही. त्यावरून ते ओळखावे.

अशा हवेत चपलांवर पांढरी भुरी येते. भिंतीवर काळे ठिपके पडतात. कोंदट वास सुटतो. ही बुरशी. बुरशीचे बी धुळीसारखे बारीक असते. ते हवेत सगळीकडे असते. भिंत कोरडी असेल, तर ते रुजत नाही. भिंत भिजून एक-दोन दिवस ओली राहिली, की ते रुजू लागते. मग त्यातून नवे बी हवेत उडते आणि श्वासाबरोबर आपल्या छातीत जाते.

सगळ्यांनाच याचा त्रास होतो असे नाही. पण लहान मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना तो लवकर होतो. श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, आवळतात. वाट अरुंद झाली, की शीळ वाजावी तसा आवाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितले, की ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, छातीची घरघर आणि दमा यांचा त्रास जास्त होतो.

आमची पुष्कळ वर्षे शाळेत गेली. श्रावणात काही मुले हटकून गैरहजर असत. घरी विचारावे, तर आई म्हणे, "गुरुजी, केळं खाल्लं न् खोकला धरला." मग पोराचे केळे बंद होई. अंथरूण मात्र ओल्या भिंतीलाच राही! केळ्याने पोट भरते, अंगाला बळ येते. बंद करायची ती ओल.

ती कशी बंद करावी?

आधी पाणी कुठून येते ते शोधा. फुटके कौल बदला. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर जाईल असा चर खणा. झड येते त्या भिंतीला झावळ्यांची झापे लावा.

ओले कपडे निजायच्या खोलीत वाळत घालू नका. बादलीभर कपड्यांतले तांब्या-दोन तांबे पाणी त्याच हवेत जाते. पडवीत दोरी बांधा. पाऊस उघडला, की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. चुलीचा धूर आणि ओल एकत्र झाली, तर छातीला दुप्पट जाच. धूर बाहेर जायला वाट ठेवा.

अंथरूण आणि पेटी भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ऊन पडले, की गोधड्या बाहेर टाका.

बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका. बी घरभर उडते. नाका-तोंडाला फडके बांधा आणि साबणाच्या पाण्याने पुसून काढा. दमेकऱ्याला तेवढा वेळ बाहेर बसवा. पाऊस सरल्यावर भिंत पुरती वाळू द्या, मग चुना काढा. ओल्या भिंतीवर रंग दिला, तर पोपडे निघतात आणि बुरशी पुन्हा येते.

एवढे करूनही खोकला राहिला, तर अंगारे-धुपारे करत बसू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तो क्षयही असू शकतो. डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, तर भिऊ नका. त्याचे औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून थोडे पुरते. 'पंपाची सवय लागते' ही समजूत खोटी आहे.

आणि हे पक्के ध्यानात ठेवा. मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील, त्याला बोलवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र असो की पाऊस असो, सकाळची वाट पाहू नका. तसेच उठा आणि दवाखाना गाठा.

कौलाला पैसे लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण अंथरूण सरकवायला पैसा लागत नाही. तेवढे आज रात्रीच करा.