सोयाबीन आणि रुंद वरंबा सरी

मराठवाडा-विदर्भातील कोरडवाहू सोयाबीनला आता एकाच हंगामात दोन्ही टोके सोसावी लागतात: ऐन वाढीत पावसाचा दीर्घ खंड आणि नंतर काही तासांत कोसळणारी अतिवृष्टी. काळ्या भारी जमिनीत पाणी सावकाश मुरते. ते साचले की मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळे पडते.

यावर रुंद वरंबा सरी (बीबीएफ) हा सर्वांत भरवशाचा आणि अल्पभूधारकांपर्यंत आवर्जून पोचायला हवा असा उपाय आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनींसाठी ही पद्धत विकसित केली. ट्रॅक्टरचलित यंत्र एकाच फेरीत वरंबा काढते, त्यावर बहुधा तीन-चार ओळी पेरते आणि दोन्ही बाजूंना सऱ्या पाडते. जादा पाणी सरीतून निघून जाते; बेताचा पाऊस सरीत मुरून खंडाच्या दिवसांत ओल देतो. बियाणेही कमी लागते. यंत्र परवडत नसेल तर भाड्याने मिळते, किंवा दर काही ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवून तिथे डवऱ्याने सरी पाडता येते. तेवढ्यानेही बराच फायदा होतो.

2018 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पद्धतीचा प्रसार झाला.

पेरणी मात्र 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी. घरच्या बियाण्याची उगवण आधी ओल्या गोणपाटात तपासावी: 100 पैकी किमान 70 दाणे उगवायला हवेत.